पदवी आणि पहिला पगार : वाचकांचे प्रश्न

या महिन्यात आलेल्या पुष्कळ पत्रांत एकच प्रश्न वेगवेगळ्या शब्दांत विचारलेला आहे : सध्या कोणत्या क्षेत्राला स्कोप आहे? क्षेत्राचे नाव सांगून या प्रश्नाला उत्तर देता येत नाही, कारण एकाच क्षेत्रात वीस हजारांवर अडकलेली माणसेही असतात आणि पाच वर्षांत विभाग सांभाळणारीही असतात. त्यामुळे ज्यांनी आपले शिक्षण, वय, घरची परिस्थिती आणि समोरची संधी नेमकेपणाने कळवली आहे, त्यांचीच पत्रे येथे उत्तरासाठी घेतली आहेत.

प्रश्न : मी रत्नागिरी जिल्ह्यातील खेड तालुक्यात राहते आणि बी.एस्सी. रसायनशास्त्राच्या शेवटच्या वर्षाला आहे. लोटे-परशुराम औद्योगिक वसाहतीतील एका औषध कंपनीच्या क्यूसी (गुणवत्ता तपासणी) विभागात ट्रेनी केमिस्टची जागा असल्याचे आमच्या ओळखीच्या काकांनी सांगितले आहे. आमचे सर मात्र म्हणतात की एम.एस्सी. केल्याशिवाय केमिस्टला किंमत नाही. वडिलांची आंब्याची बाग लहान आहे आणि धाकटा भाऊ बारावीला आहे. नोकरी धरावी की मुंबईला जाऊन एम.एस्सी. करावे?

उत्तर : तुमच्या सरांचे म्हणणे संशोधन विभागापुरते खरे आहे. नवे रेणू तयार करणाऱ्या किंवा नव्या प्रक्रिया बसवणाऱ्या आर अँड डी विभागात बी.एस्सी. झालेल्याला सहसा वरची वाट मिळत नाही. तेथे सेंद्रिय रसायनशास्त्रातील एम.एस्सी. ही किमान अट असते आणि पुढे पीएच.डी.ही लागते. क्यूसी आणि उत्पादन या विभागांचे गणित वेगळे आहे. तेथे अनुभवाला कायद्यानेच मोल दिलेले आहे. औषध नियम, १९४५ मधील नियम ७१ नुसार औषधनिर्मितीवर देखरेख करणाऱ्या सक्षम तांत्रिक कर्मचाऱ्यासाठी ज्या पात्रता सांगितल्या आहेत, त्यांत रसायनशास्त्र हा मुख्य विषय असलेला विज्ञान पदवीधरही येतो; मात्र पदवीनंतर औषधनिर्मितीचा तीन वर्षांचा प्रत्यक्ष अनुभव त्याच्याकडे असावा लागतो. कारखान्यात याच माणसाला ‘एफडीए (अन्न व औषध प्रशासन) अप्रूव्हड केमिस्ट’ म्हणतात, आणि तो शिक्का असलेल्या माणसाला दुसऱ्या कंपनीत जाताना पगाराची बोलणी करण्याची ताकद येते. चाचणी विभागासाठीही अशीच मान्यता असते, मात्र तेथे अनुभव पुरेसा आहे की नाही हे परवाना देणारा अधिकारी ठरवतो.

म्हणून आधी ही जागा नेमकी कसली आहे ते पाहा. ओळखीच्या काकांनी सांगितलेल्या माहितीवर न थांबता मुलाखतीत तीन गोष्टी स्पष्ट विचारा. पहिली, नेमणूक कंपनीच्या रोलवर आहे की कंत्राटदाराच्या. कारण कंत्राटदाराच्या पगारपत्रकावर काढलेल्या वर्षांचे अनुभवपत्र कंत्राटदाराच्या नावाने मिळते आणि पुढच्या मुलाखतीत त्याचे वजन कमी पडते. दुसरी, काम कोणत्या टेबलावर आहे. काही ठिकाणी ट्रेनीला दोन वर्षे कच्च्या मालाचे नमुने काढणे, काचसामान धुऊन घेणे आणि ओलावा मोजणे यापलीकडे जाऊ देत नाहीत, तर काही ठिकाणी सहा महिन्यांत एचपीएलसीवर, म्हणजे औषधातील घटक वेगळे करून मोजणाऱ्या यंत्रावर, बसवतात. सलग दोन वर्षे एचपीएलसी चालवलेली मुलगी आणि फक्त टायट्रेशन केलेली मुलगी यांच्या पुढच्या पगारांत जे अंतर पडते, ते पदवीच्या टक्क्यांनी भरून निघत नाही. तिसरी गोष्ट शिफ्टची. सेकंड शिफ्ट सुटल्यावर कंपनीची बस तुमच्या गावाच्या फाट्यापर्यंत येते की नाही, हा प्रश्न विचारण्यात संकोच करण्यासारखे काही नाही.

मुलाखतीपूर्वी एक तयारी जरूर करा. औषध कंपनीत नोंद चुकली तर ती खोडरबराने पुसत नाहीत आणि त्यावर पांढरी शाईही लावत नाहीत. चुकलेल्या आकड्यावर एकच आडवी रेघ मारायची, जुना आकडा वाचता येईल असा ठेवायचा, शेजारी बरोबर आकडा, कारण, सही आणि तारीख घालायची. कॉलेजच्या जर्नलमध्ये आपण सर्वांनी नेमके याच्या उलट केलेले असते. ऑडिटला येणारा माणूस औषधाच्या आधी ही वही तपासतो, आणि हे तुम्हाला ठाऊक आहे असे दिसले की मुलाखत घेणाऱ्याचा सूर बदलतो.

एम.एस्सी.चा विचार सोडून द्यावा असे मी म्हणत नाही. आयआयटीसारख्या संस्थांत प्रवेशासाठी होणारी जॅम ही परीक्षा दरवर्षी साधारण फेब्रुवारीत असते. नोकरी करत असतानाही ती देता येते, आणि गुण चांगले पडले तर संस्थेच्या नावासाठी नोकरी सोडणे शहाणपणाचे ठरेल. गुण बेताचे पडले आणि केवळ कोठेतरी प्रवेश मिळतो म्हणून मुंबईत खोली घेऊन दोन वर्षे खर्च करायचे, असा प्रसंग आला तर मात्र तुमच्या घरच्या परिस्थितीत मी लोट्याची नोकरी निवडीन. ट्रेनीऐवजी अप्रेंटिस म्हणून घेतो असे कंपनी म्हणाली, तर १९६१ च्या अप्रेंटिस कायद्याखाली तुमची नोंदणी नॅट्स या केंद्र शासनाच्या अप्रेंटिस योजनेच्या पोर्टलवर होते का, ते विचारा. नोंदणी असेल तर वर्षाच्या शेवटी केंद्र शासनाचे प्रमाणपत्र मिळते आणि ठरलेल्या किमान विद्यावेतनाखाली कंपनीला जाता येत नाही. पदवीधरासाठी २०१९ च्या नियमांनी हे किमान महिना ९,००० रुपये केले होते. नोंदणी नसलेली ‘अप्रेंटिस’ म्हणजे स्वस्तातला कामगार, एवढाच त्याचा अर्थ होतो.

प्रश्न : मी बीड जिल्ह्यातील आहे. राज्यशास्त्रात बी.ए. केले असून वय २६ आहे. चार वर्षे पुण्यात सदाशिव पेठेत कॉट बेसिसवर राहून राज्यसेवेची तयारी करतो आहे. एकदा मुख्य परीक्षेपर्यंत पोहोचलो, दोनदा पूर्व परीक्षेतच राहिलो. वडील कापसाच्या पैशातून दर महिन्याला खर्च पाठवतात. आता परीक्षेचे स्वरूपही बदलले आहे. गावी परत जावे तर लोक काय म्हणतील, आणि इथे राहावे तर किती दिवस, हे कळत नाही.

उत्तर : लोक काय म्हणतील याचे उत्तर माझ्याजवळ नाही, ते काहीही केले तरी म्हणतातच. किती दिवस, याचे उत्तर मात्र काढता येते, आणि ते आकड्यांवरून काढावे लागते.

प्रथम स्पर्धेचा आवाका पाहा. केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या २०२४ च्या नागरी सेवा परीक्षेला ९,९२,५९९ जणांनी अर्ज केले, ५,८३,२१३ प्रत्यक्ष पूर्व परीक्षेला बसले, १४,६२७ मुख्य परीक्षेला पात्र ठरले, २,८४५ मुलाखतीपर्यंत गेले आणि १,००९ जणांची शिफारस झाली. राज्यसेवेचे आकडे लहान असले तरी उतरंड अशीच आहे. अभ्यासिकेत शेजारी बसलेल्या मुलाची निवड झाली की ही उतरंड विसरली जाते, आणि क्लासच्या फलकांवर तर निवड झालेल्यांचेच फोटो असतात.

केंद्रीय परीक्षेला खुल्या प्रवर्गासाठी सहा संधी आणि ३२ वर्षांची मर्यादा आहे, म्हणजे आयोग स्वतःच तुम्हाला एका टप्प्यावर थांबवतो. राज्यसेवेला खुल्या प्रवर्गासाठी वयोमर्यादा ३८ आणि मागास प्रवर्गांसाठी ४३ आहे. संधींची संख्या मर्यादित करण्याचा निर्णय २०२२ मध्ये मागे घेतला गेला. ही सवलत विद्यार्थ्यांच्या मागणीमुळे मिळाली आणि ती अनेकांच्या उपयोगी पडली हे खरे, पण माझ्या मते तिनेच हजारो मुलांची तिशी खाल्ली आहे, कारण ‘अजून वय आहे’ हे वाक्य दर निकालानंतर उपलब्ध राहते. तुमच्या बाबतीत पाहायची वयोमर्यादा ३८ नव्हेच. सरकारी बँकांची भरती परीक्षा घेणाऱ्या आयबीपीएस या संस्थेच्या लिपिक परीक्षेची खुल्या प्रवर्गाची मर्यादा २८ आहे आणि प्रोबेशनरी ऑफिसरसाठी ३०. याचा अर्थ असा की तुम्ही राज्यसेवेच्या आशेवर आणखी दोन वर्षे काढलीत, तर तेवढ्या काळात लिपिक पदाचे दार बंद होईल. आरक्षित प्रवर्गात असाल तर तीन ते पाच वर्षांची सवलत धरून हिशोब करा. उशिरा बंद होणाऱ्या दारापाशी उभे राहून लवकर बंद होणारी दारे हातची घालवणे, ही पुण्यातल्या अभ्यासिकांमधली सर्वांत नेहमीची चूक आहे.

आता बदललेल्या स्वरूपाविषयी. २०२५ पासून राज्यसेवेची मुख्य परीक्षा वर्णनात्मक झाली आहे. नऊ पेपर, त्यांपैकी दोन भाषेचे पात्रतेपुरते, आणि निबंध, सामान्य अध्ययनाचे चार व वैकल्पिक विषयाचे दोन मिळून १,७५० गुण. त्यावर मुलाखतीचे २७५. तुमची आधीची तयारी पर्याय ओळखण्याची होती, पुढची तयारी लिहिण्याची आहे, आणि या दोन कौशल्यांत पुष्कळ अंतर आहे. म्हणून एक परीक्षा स्वतःच घ्या. राज्यशास्त्र हा तुमचा वैकल्पिक विषय असेल असे धरतो. मागील प्रश्नपत्रिकांतील एक पूर्ण पेपर घड्याळ लावून तीन तासांत लिहा आणि तो आपल्या मित्राला न दाखवता महाविद्यालयातील एखाद्या प्राध्यापकांना तपासायला द्या. त्याच वेळी मागच्या तिन्ही पूर्व परीक्षांतील आपले गुण आणि त्या वर्षीचा आपल्या प्रवर्गाचा कट-ऑफ एका कागदावर शेजारी शेजारी मांडा. अंतर दर वर्षी कमी होत गेले असेल आणि लेखनही जमत असेल, तर आणखी एक पूर्ण प्रयत्न करण्यास आधार आहे. अंतर तसेच राहिले असेल किंवा वाढले असेल, तर पाचव्या वर्षी ते आपोआप मिटेल असे मानण्याला काही कारण नाही.

पहिला निष्कर्ष निघाला तरी केवळ राज्यसेवा करू नका. गट-ब संयुक्त परीक्षा, म्हणजे सहायक कक्ष अधिकारी, राज्य कर निरीक्षक, पोलीस उपनिरीक्षक आणि दुय्यम निबंधक या पदांची परीक्षा, अजूनही वस्तुनिष्ठ आहे आणि तुमची चार वर्षांची तयारी तेथे थेट उपयोगी पडते. दुसरा निष्कर्ष निघाला तर पुण्यातली खोली सोडण्याची तारीख ठरवा आणि ती वडिलांना फोनवर न सांगता घरी जाऊन सांगा. त्यांना निकालापेक्षा अनिश्चिततेचा त्रास अधिक होत असतो, हे अशा घरांतील वडिलांशी बोलताना मला वारंवार जाणवले आहे.

खासगी नोकरीसाठी अर्ज करताना ही चार वर्षे लपवू नका आणि त्यांची माफीही मागू नका. बायोडेटात एका ओळीत ‘राज्यसेवा परीक्षेची तयारी, मुख्य परीक्षेसाठी पात्र’ असे वर्षासह लिहा. त्याखाली मात्र काहीतरी चालू वर्षातले हवे : टंकलेखन, एक्सेल, जीएसटीचा एखादा अभ्यासक्रम किंवा सहा महिन्यांचे काम. राज्य शासनाच्या मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजनेत पदवीधराला महिना १०,००० रुपये विद्यावेतन ठरवले होते. ती योजना २०२४ मध्ये सुरू झाली तेव्हा मुदत सहा महिन्यांची होती. त्यातून कायम नोकरी मिळत नाही, हे आधीच लक्षात ठेवलेले बरे. पण कार्यालयातील कामाचा पहिला दाखला म्हणून तिचा उपयोग होतो.

प्रश्न : मी नागपूरचा बी.कॉम.चा विद्यार्थी आहे. कॅम्पसमधून एका बॅक ऑफिस कंपनीत निवड झाली. पॅकेज ३ लाख ६० हजार सांगितले आहे. ऑफर लेटरमध्ये दोन वर्षांचा बाँड आणि एक लाख रुपये दंड आहे, शिवाय मूळ गुणपत्रके आणि सही केलेला कोरा चेक मागितला आहे. मित्र म्हणतात की बाँड कोर्टात टिकत नाही, बिनधास्त सही कर.

उत्तर : आधी पगार पाहू, कारण तुमच्या पत्रात ३ लाख ६० हजार भागिले बारा म्हणजे ३० हजार हातात येतील असे गृहीत धरलेले दिसते. ऑफर लेटरच्या शेवटी जो तक्ता असतो तो साधारण असा असतो. महिना ३०,००० मध्ये मूळ वेतन १५,०००. कामगिरीवर अवलंबून असलेला भाग ३,०००, जो वर्षाच्या शेवटी मिळतो किंवा मिळत नाही. कंपनीच्या वाटणीचा भविष्य निर्वाह निधी १,८००, ग्रॅच्युइटीपोटी सुमारे ७२०, विम्याचा हप्ता ५०० धरू. उरले सुमारे २३,९८०. त्यातून तुमच्या वाटणीचा भविष्य निर्वाह निधी आणखी १,८०० आणि व्यवसाय कर २०० जातो. फेब्रुवारीत तो ३०० असतो. हातात येतात सुमारे २२,०००. तुमच्या वर्गातील मुलीला हीच ऑफर असेल तर तिचे दोनशे रुपये वाचतील, कारण महाराष्ट्रात महिलांना २५,००० पर्यंतच्या मासिक पगारावर हा कर लागत नाही. यात फसवणूक काही नाही, भविष्य निर्वाह निधी तुमचाच आहे. पण नोकरी पुण्यात असेल तर खोली आणि मेस या २२,००० मधून भागवायची आहे, हे आधी माहीत असावे.

बाँडविषयी तुमच्या मित्रांचे म्हणणे अर्धे खरे आहे. भारतीय करार कायदा, १८७२ च्या कलम २७ मुळे नोकरी सोडल्यानंतर दुसरीकडे काम करण्याची मनाई सहसा टिकत नाही, आणि कोणालाही जबरदस्तीने कामावर ठेवता येत नाही. परंतु ठरावीक काळ काम न केल्यास भरपाई देण्याची अट ही वेगळी बाब आहे. मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने विजया बँकेच्या प्रकरणात तीन वर्षे पूर्ण होण्याआधी नोकरी सोडल्यास दोन लाख रुपये भरण्याची अट वैध ठरवली. ते प्रकरण सरकारी बँकेचे होते आणि खुल्या स्पर्धेतून भरतीचा खर्च हा तेथे मुद्दा होता, त्यामुळे प्रत्येक खासगी कंपनीच्या बाँडला तो निकाल जसाच्या तसा लागू होईल असे नाही; कलम ७४ नुसार वाजवी तेवढीच भरपाई मिळते आणि एक लाख ही वरची मर्यादा ठरते. तरीही ‘बाँड म्हणजे नुसता कागद’ हे समजणे चुकीचे आहे. प्रशिक्षण किती आठवड्यांचे आहे, त्यावर कंपनी काय खर्च करते आणि वर्षभरानंतर दंडाची रक्कम कमी होते का, हे लेखी विचारा. काही कंपन्या विचारल्यावर ती रक्कम महिन्यागणिक घटवून देतात.

खरा धोका बाँडपेक्षा त्या कोऱ्या चेकमध्ये आहे. तो उद्या कंपनीने रक्कम भरून बँकेत टाकला आणि परत गेला, तर परक्राम्य संलेख अधिनियम, १८८१ च्या कलम १३८ खाली फौजदारी तक्रार होऊ शकते, आणि मग दिवाणी वादाऐवजी तुम्ही आरोपी म्हणून न्यायालयात उभे राहता. कोरा चेक देऊ नका. मूळ गुणपत्रके पडताळणीसाठी दाखवा, साक्षांकित प्रती द्या, डिजिलॉकरमधील प्रत पाठवा. मूळ कागद ठेवून घेण्याचा आग्रह धरणाऱ्या कंपनीला निदान परतीच्या तारखेसह पोच मागा. पोच द्यायला नकार मिळाला तर मी तरी ती ऑफर सोडून देईन.

प्रश्न : मी कोल्हापूर जिल्ह्यातील बी.सी.ए.चा विद्यार्थी आहे. शाळा मराठी माध्यमाची. कोडिंग जमते, पण इंग्रजीत मुलाखत म्हटले की घाम फुटतो. दोन कंपन्यांनी याच कारणाने नाकारले. क्लास लावू का?

उत्तर : तुम्ही पत्रासोबत बायोडेटा पाठवलात हे बरे केले. त्यात प्रोजेक्ट म्हणून ‘ऑनलाइन शॉपिंग वेबसाइट’ लिहिले आहे आणि अगदी शेवटी, छंदांच्या वर, गावच्या दूध संस्थेसाठी बिलाचा प्रोग्रॅम केल्याचा अर्धा उल्लेख आहे. हा क्रम उलटा करा. शॉपिंग वेबसाइट निम्म्या वर्गाने केलेली असते आणि मुलाखत घेणाऱ्याला ते माहीत असते. दूध संस्थेत मात्र सकाळ-संध्याकाळ प्रत्येक सभासदाचे लिटर, फॅट आणि एसएनएफ (फॅट वगळता दुधातील घन घटक) नोंदले जाते, दरपत्रकातून त्या जोडीचा दर काढला जातो, दहा दिवसांनी बिल निघते आणि त्यातून पशुखाद्याची उधारी वजा होते. हे सगळे तुम्ही तक्त्यांत कसे मांडले, दर मधेच बदलला तेव्हा जुनी बिले बिघडू नयेत म्हणून काय केले, वीज गेली तर नोंद कशी वाचते, या प्रश्नांची उत्तरे तुम्हालाच येतात. ती छोट्या इंग्रजी वाक्यांत लिहून काढा आणि मोठ्याने म्हणा. एका वाक्यात एकच क्रियापद ठेवा. पहिल्या नोकरीच्या मुलाखतीत भाषा अडते ती बहुधा सांगण्यासारखे काही नसल्यामुळे. सांगण्यासारखे असले की तुटक्या इंग्रजीतही समोरचा पुढचा प्रश्न विचारतो, आणि तेथून मुलाखत तुमच्या बाजूला वळते.

क्लासचे पैसे तूर्त ठेवा. वर्गातील एका मित्राला रोज अर्धा तास समोर बसवा आणि मोबाइलवर रेकॉर्ड करून ऐका. बी.सी.ए. पदवीधरांसाठी विप्रोचा नोकरी करता करता एम.टेक.पर्यंत नेणारा वर्क इंटिग्रेटेड लर्निंग प्रोग्रॅम आहे, टीसीएसची एनक्यूटी परीक्षा आहे. दोन्हींच्या पात्रतेच्या अटी या वर्षीच्या जाहिरातीत नीट वाचा, विशेषतः दहावीपासूनच्या टक्क्यांची आणि बॅकलॉगची अट. दुसरी वाट बँकेची. आयबीपीएसची लिपिक परीक्षा, तिच्यातील इंग्रजीचा भाग वगळता, मराठीतून देता येते, आणि उमेदवाराला राज्याची भाषा येणे ही त्या पदाची अटच आहे. स्टेट बँकेच्या ज्युनिअर असोसिएट पदासाठी दहावी किंवा बारावीला मराठी विषय असल्याचे गुणपत्रक असेल तर वेगळी भाषाचाचणीही द्यावी लागत नाही.

प्रश्न : एका कंपनीचे एचआर असल्याचे सांगून मला व्हॉट्सॲपवर ऑफर लेटर आले आहे. रुजू होण्यापूर्वी लॅपटॉपची अनामत म्हणून १५,००० रुपये यूपीआयने भरायचे आहेत. कंपनी मोठी आहे. भरू का?

उत्तर : भरू नका. मोठी कंपनी लॅपटॉपसाठी उमेदवाराकडून अनामत घेत नाही. कंपनीच्या संकेतस्थळावर स्वतः जाऊन तेथील क्रमांकावर विचारा. त्या पत्रावरच्या क्रमांकावर नव्हे. याच मंडळींनी ‘तुमच्या खात्यावर पैसे येतील ते पुढे पाठवा’ असे सांगितले, तर तेही करू नका, कारण ते पैसे दुसऱ्या कोणाच्या फसवणुकीचे असतात आणि गोठवले जाते ते तुमचे खाते. हे पत्र छापले जाईपर्यंत रक्कम भरून झाली असेल, तर १९३० या क्रमांकावर लगेच तक्रार करा आणि राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवरही नोंदवा; व्यवहाराचा यूटीआर क्रमांक, समोरच्याचा यूपीआय आयडी आणि चॅटचे स्क्रीनशॉट हाताशी ठेवा, आणि लाजेखातर ते चॅट डिलीट करू नका.